कारण : गुडघे

मदन महल, जबलपूर
१२ नोव्हेंबर २०२४

सौ. पद्मजा यांस,

संदर्भ : दिवाळीपासून तू व्हॉट्सॲपवर पाठवून राहिली ते आवाजी निरोप.

मी फोन उचलत नाही म्हणून तू चिन्मयीकडे तक्रार केलीस. ती माझी मुलगी आहे, तिने लगेच सांगितलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून उचलत नाही. फॅक्टरीत माझी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. जे कागदावर आलं नाही ते झालंच नाही, असं तिथे धरायचे. मला ती पद्धत बरी वाटते. यापुढे मी पोस्टाने लिहीन, तू फोनवर बोल, म्हणजे दोघी जावांची सोय.

मुद्दा कोठ्यांचा. सप्टेंबरात महालक्ष्म्यांचे मुखवटे तू पेटीत घालून भोपाळला नेलेस. ज्यांच्यावर मुखवटे चढवून साड्या नेसवतो त्या पत्र्याच्या कोठ्या गाडीच्या डिकीत मावल्या नाहीत, म्हणून इथे राहिल्या. आता तू म्हणतेस, 'ताई, कोठ्या ट्रान्सपोर्टने पाठवा, मुखवटे काय डायनिंग टेबलावर ठेवू?' तुझी अडचण समजली. कोठ्या पाठवणार नाही. एकीच्या तळाला गंज धरला आहे, तो पत्रेवाल्याला दाखवायचा आहे. कधी ते अजून ठरलं नाही.

दुसरं. 'ताई पंगतीत पडल्या' असं तू नागपूरपर्यंत सांगून राहिली असं ऐकलं. मी पडले नाही. मी बसले होते. नैवेद्याच्या पानाभोवतीची रांगोळी कोणाच्या तरी पदराने पुसली गेली, ती नीट करायला मी जमिनीवर बसले आणि मला उठता येईना. पाय ऐकतच नव्हते. श्रीकांत भावजींनी एका बगलेत आणि शेजारच्या सचिनने दुसऱ्या बगलेत हात घालून मला पोत्यासारखं उभं केलं. त्यात आंबिलीचं भांडं माझ्या पायाने कलंडलं. बायका 'अगं बाई, सांभाळून' करत होत्या. हसलं कोणीच नाही. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

विसर्जनानंतर मुखवटे पुसता पुसता तू म्हणालीस, 'ताई, पुढच्या वर्षीपासून भोपाळलाच बसवू. तुमचे गुडघे...' वाक्य पुरं केलं नाहीस. मी 'बरं' म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांत फार काही नाही, मांड्यांत ताकद नाही. चिन्मयीने हैदराबादेत बसून विजय नगरच्या एका जिममध्ये माझं नाव घातलं आहे. मी जाणार नाही.

आपली,
शैलजा रत्नाकर घाटे


मदन महल
२० जानेवारी २०२५

सौ. पद्मजास,

संदर्भ : तिळगुळाचा फोटो आणि 'गोड बोला' हा निरोप. बोलते आहे.

जिमला जाऊन राहिले. चिन्मयी रोज विचारायची, तिला रोज खोटं सांगण्यापेक्षा जाणं सोपं होतं. शिकवणारीचं नाव अंजनी. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, ती इथल्या छावणीत, सदरमध्येच वाढली. मला 'आंटी जी' म्हणते. काकू म्हण म्हटलं तर म्हणते, 'चलो, काकू जी.' वर जी लावल्याशिवाय तिची जीभ वळत नाही.

पहिल्या दिवशी तिने मला खुर्चीत बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. मी म्हटलं, एवढ्यासाठी मी ऑटो करून आले? ती म्हणाली, 'करके दिखाइए.' मला जमलं नाही. दोनदा केलं, दोनदा मागे आदळले. मग तिने खुर्चीवर जाड गाद्या रचल्या, इतक्या की मी जवळजवळ उभीच होते, आणि म्हणाली, 'अब.' उठले. बाप्पा, त्याचाही आनंद झाला मला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

तेव्हापासून ती अधूनमधून एक गादी काढते, न सांगता. मला वाटतं आज आपल्यात जोर नाही, आणि ती म्हणते, 'काकू जी, नीचे देखिए.' पाहते तर बसायची जागा खाली गेलेली असते. आता नुसत्या खुर्चीवर आले आहे. पुढे एक बुटकी लाकडी पेटी आहे. तिच्याकडे मी अजून नीट पाहिलेलं नाही.

जिमला चारही बाजूंनी आरसे आहेत. मी घड्याळाकडे पाहून व्यायाम करते. पोरं कानांत काहीतरी घालून लोखंड उचलत असतात, माझ्याकडे कोणी पाहत नाही. साठी उलटलेली बाई पंजाबी ड्रेस घालून खुर्चीवरून उठते-बसते, यात पाहण्यासारखं काय आहे म्हणा.

संक्रांतीला कॉलनीत हळदीकुंकवं होती. हे गेल्यापासून मला बोलावणं येत नाही, त्यामुळे संध्याकाळ रिकामी होती. जिमला गेले. तिथे तिळगुळ अंजनीनेच दिला.

कोठीचा गंज अजून दाखवलेला नाही.

आपली,
शैलजा घाटे


मदन महल
१८ एप्रिल २०२५

पद्मजा,

संदर्भ : श्रीकांत भावजींचा फोन. तो उचलला, कारण ते ऐकून घेतात.

त्यांना मी कंबरेत उसण भरली एवढंच सांगितलं. कशाने भरली ते तुला लिहिते. तू हसशील. हस.

मला घाई झाली होती. अंजनी लोखंडाचा एक कडीवाला गोळा छातीशी धरून उठबस करायला लावते. मी रोज विचारायची, याहून जड कधी? ती म्हणायची, 'आराम से, काकू जी.' मला आरामाने कसं चालेल? मग मी घरीच सुरू केलं. घरात जड काय आहे? कोठी. तिच्यात गहू भरले, गळ्यापर्यंत, बसवताना भरतो तसे. मिठी मारली आणि उचलली. उचलली गेली, पद्मजा! एक क्षण उचलली गेली. मग पाठीत कट्ट झालं, कोठी हातातून सुटली आणि गहू पार देवघरापासून न्हाणीपर्यंत. मी भिंतीला धरून उभी होते, खाली बसून वेचायची सोय नव्हती. आपल्या घराण्यात आजवर कोणी कोठी उचलली नसेल. आपल्याकडे कोठी एकदा ठेवली की हलवतच नाहीत, आणि मला नेमकी तीच सापडली.

दोन दिवस जिमला गेले नाही म्हणून अंजनी घरी आली. गव्हातून वाट काढत आली आणि कोठीकडे पाहत राहिली. 'ये है क्या?'

सांगितलं तिला. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, दोघी बहिणी, थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा. पितळी मुखवटे आहेत, आजेसासूबाईंच्या वेळचे, गळ्यापर्यंत घडवलेले, भरीव. परातीत तांदळावर ठेवून छातीशी धरायचे, तुळशीपासून आत यायचं, उंबरठा ओलांडायचा, घरभर फिरवून स्वयंपाकघर दाखवायचं, कोठीघर दाखवायचं, आणि शेवटी हात न टेकता खाली बसून त्यांना पाटावर ठेवायचं. हात टेकता येत नाहीत, कारण हातांत त्या असतात. सासूबाई गेल्यापासून ज्येष्ठा मी आणायची आणि कनिष्ठा माझी जाऊ.

अंजनी म्हणाली, 'तो यही करना था आपको? पहले बताना था ना. मैं आपको कुर्सी-कुर्सी खिला रही हूँ.' चांगलीच रागावली. मग विचारलं, आता कोण आणतं? मी सांगितलं, दोन वर्षं ज्येष्ठा माझी जाऊ आणते आणि कनिष्ठा शेजारची सुखदा. मी स्वयंपाकघरात असते.

'क्यों?'

मी म्हटलं, गुडघे.

'घुटने तो पिछले साल खराब हुए ना? उसके पहले वाले साल?'

मी गहू झाडत राहिले. तिने पुन्हा विचारलं, 'काकू जी, आपको मना किसने किया?'

या प्रश्नाचं उत्तर मी चार दिवस शोधलं. पद्मजा, मला कोणीच मना केलं नव्हतं. हे गेल्यानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना तू परात उचललीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, 'घे तू, माझे गुडघे दुखून राहिले.' दुखत नव्हते. तूही लगेच म्हणालीस, 'हो हो, ताई, तुम्ही बसा.' दारात भानुमती आत्या उभ्या होत्या, त्यांचा चेहरा मोकळा झाला. गुडघे सगळ्यांच्या सोयीचे होते. माझ्याही. आणि मग एका वर्षाने ते खरोखरच गेले.

कंबर आता बरी आहे. कोठीचा गंज पत्रेवाल्याने काढून दिला. पाठवत नाही.

शैलजा


मदन महल
९ जुलै २०२५

पद्मजा,

संदर्भ : तुझा परवाचा निरोप. 'ताई, या वर्षी भोपाळला या, काही करायचं नाही, तुमच्यासाठी समोरच खुर्ची ठेवते, नुसतं बसून पाहा.'

निरोप तीनदा ऐकला. तू मनापासून बोललीस हे कळतं. तरी खुर्ची हा शब्द आला की माझ्या अंगाची आग होते. खुर्चीवरून उठायला शिकण्यात माझा अख्खा हिवाळा गेला आहे.

इथली हकीकत. अंजनीने सगळं बदललं. म्हणाली, जे करायचं तेच शिकायचं, आणि ज्या कपड्यांत करायचं त्याच कपड्यांत. म्हणून मी आता जिममध्ये साडी नेसून जाते. पहिल्या दिवशी सगळी पोरं वळून पाहायला लागली. घरून पितळी परात नेली. तिच्यात तांदूळ, आणि वर तो कडीवाला गोळा. दाराशी अंजनीने एक लाकडी फळी आडवी टाकली आहे, तो उंबरठा. परात छातीशी असली की पाय दिसत नाहीत, पाऊल अंदाजाने टाकावं लागतं. सुरुवातीला मी फळीला अडखळायची आणि तांदूळ सांडायचे. ती म्हणायची, 'नीचे मत देखिए, सामने देखिए.' समोर आरसा. तिथेही पाहायचं नाही, तर कुठे पाहू? शेवटी पाहिलं.

काय दिसलं सांगू? एक बाई परात घेऊन येत होती. जरा वाकडी चालते, डावा खांदा उतरलेला आहे, केस मागे घट्ट बांधलेले. पण येत होती. कोणाला बाजूला सरकायला सांगत नव्हती आणि स्वतःही सरकत नव्हती. हे गेल्यापासून मी घरातल्या आरशात फक्त केस विंचरण्यापुरती पाहते. त्या दिवशी थांबून पाहिलं, आणि मला ती बाई आवडली. लिहून टाकते, कारण तोंडाने मी हे कधीच म्हणणार नाही.

खुर्ची गेली, बुटकी पेटी गेली, आता पाट आहे. नुसता पाट, घरून नेलेला. परात धरून खाली बसते, ठेवते, उठते. एकदा अंजनीने सवयीने हात पुढे केला तर मी तिच्यावर खेकसले. तिने लगेच टाळ्या वाजवल्या. त्या पोरीला कशाचा राग येत नाही.

आता कामाचं. माझी विनंती अशी की या वर्षी महालक्ष्म्या जबलपूरला बसाव्यात, आणि ज्येष्ठा मी आणावी. त्या न्यायचं कारण तू गुडघे सांगितलं होतंस. ते कारण मिटलं. डॉक्टरांना विचार, चिन्मयीला विचार, अंजनीचा नंबर देते, तिला विचार.

दुसरं कारण असेल तर मला कळव. स्पष्ट शब्दांत. आहे की नाही, एवढंच. मला राग येईल, पण तो मी तुझ्यापर्यंत येऊ देणार नाही, असं आत्ता तरी वाटतं. कारण नसेल तर मुखवटे घेऊन या.

आणि एक. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी तुला पुरण वाटता येत नव्हतं. पाट्यापाशी तू रडत बसली होतीस आणि मी तुझ्या हातावर हात ठेवून वाटून घेतलं होतं. गेल्या सप्टेंबरापासून मला तुझा राग आहे. तुझी आठवणही येते. दोन्ही एकदमच येतात, त्याला मी काय करू?

शैलजा


मदन महल
२१ ऑगस्ट २०२५

पद्मा,

संदर्भ : तुझा काल दुपारचा फोन.

उचलला, कारण सहा आठवड्यांत तुझा एक निरोप नव्हता, आणि तू इतके दिवस गप्प बसलीस म्हणजे आजारी असशील असं मला वाटलं. हॅलो म्हटलं तर तू म्हणालीस, 'ताई, होतं दुसरं कारण. तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तुम्ही गुडघे म्हणालात आणि मी गुडघेच धरून बसले. माझ्या तोंडून ते निघालं नसतं.'

मग रडलीस. मी रडले नाही. रडले असते, पण गॅसवर दूध होतं.

फोन ठेवल्यावर दूध उतरवलं आणि पाटावर बसून राहिले. मला बरं वाटलं. तू म्हणालीस ते काही चांगलं नव्हतं, तरी बरं वाटलं. दोन वर्षं घरभर सगळे ज्या गोष्टीला वळसा घालून चालत होते, तिला तू हात लावलास. ते तुला जड गेलं असणार. त्याबद्दल माझा राग गेला. सगळा नाही, पण बराचसा गेला.

नंतर तू म्हणालीस, 'बसवू जबलपूरलाच. साड्या, दागिने, फुलोरा, सगळं तुम्हीच करा ताई. फक्त तुळशीपासून आत आणायचं तेवढं मी करते. म्हणजे भानुमती आत्या काही बोलणार नाहीत आणि कोणाचंच मन दुखणार नाही.'

त्यावर मी फोनवर गप्प राहिले आणि तू ते 'बरं' धरलंस. माझ्या गप्प राहण्याला तुम्ही नेहमीच 'बरं' धरता, कारण मी नेहमीच 'बरं' म्हणत आले. म्हणून हे लेखी.

नाही.

पद्मा, तेवढंच तर मला करायचं आहे. साड्या मी इतकी वर्षं नेसवतेच आहे, स्वयंपाकही केला, आंबील ढवळली. त्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत त्या तुळशीपासून पाटापर्यंतच्या वाटेची होती. तीच वाट मी विजय नगरच्या जिममध्ये परात घेऊन घोकली आहे. ती तुला देऊन मी पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहणार नाही. आत्या बोलतील. बोलू देत. त्या मला काय म्हणतील ते मी हे गेल्यापासून मनातल्या मनात इतक्यांदा ऐकलं आहे की त्यात नवीन काही असेल असं वाटत नाही. हे असते तर म्हणाले असते, 'शैला, जरा जपून, परात तिरपी होऊन राहिली.' त्यांची काळजी एवढ्यापुरतीच असायची.

येणं असं करा, या वेळी रेल्वेने. गाडी मदन महलला थोडाच वेळ थांबते, तेव्हा सामान आधीच दाराशी आणून ठेवा. मी फलाटावर असेन. मुखवट्यांची पेटी कुलीला देऊ नका, भावजींनीही उचलू नये, ती मी घेईन. सोळा भाज्यांपैकी जबलपूरला ज्या मिळत नाहीत त्या तू आण, कोणत्या ते तुला माहीत आहे. पुरण तू वाट, आता माझ्यापेक्षा छान वाटतेस. अंजनीला जेवायला बोलावलं आहे, तिचं पान माझ्या शेजारी.

आणि यायचं मन झालं नाही, किंवा भावजींना पटलं नाही, तर तसं कळव. मुखवटे नसले तरी माझ्याकडे कोठ्या आहेत. त्यांच्यावर तांब्या आणि नारळ ठेवून मी दोघींना बसवीन. पण बसवीन, आणि या घरात बसवीन. हे मी रागाने लिहीत नाही. तू यावीस असं मला फार वाटतं. कनिष्ठा तुझ्याशिवाय कोणाच्या हातात शोभत नाही, सुखदा तिला कुकरसारखी धरते.

आलात तर असं होईल. सुखदा आत उंबरठ्याशी उभी राहील आणि विचारेल, 'महालक्ष्मी आली, कशाच्या पावली आली?' पुढे मी असेन, ज्येष्ठेला घेऊन. मागे तू. 'सोन्याच्या पावली' हे उत्तर मी देईन, पण तूही मोठ्याने म्हण, माझ्या मागे पुटपुटू नकोस. मग घर दाखवू, आणि मी पाटापाशी खाली बसेन.

सगळे श्वास रोखून पाहतील, माहीत आहे मला. भावजी पुढे येतील, सचिन येईल, तुझाही हात आपोआप पुढे होईल. तुझे हात भरलेले असतील, तेव्हा तुझं मला भय नाही. बाकीच्यांना तू आवर.

उठताना मला कोणी हात देऊ नका.

तुझी,
ताई